निवाड्याला हळदकुंकू

पापडीच्या थांब्यावर उन्नतीच्या पुढे एक वयस्क जोडपं उभं होतं. बस येईना, तसे तिचे कान त्यांच्याकडेच लागले.

"अगं, निवाड्याच्या मूळ प्रतीला हळदकुंकू लावलंस?"

"मग? आपल्या जितूची कंपनी सिंगापूरच्या लवादापुढे जिंकली. देवापुढे नको ठेवायला?"

"झेरॉक्स ठेवायची! मूळ प्रत आज वकीलबाईंना द्यायचीय, हायकोर्टासाठी."

"कारखानदारानं जितूचे साचे परत करावेत, असं लवादानं सांगितलंय ना? मग इथे पुन्हा केस कशाला?"

"दिलेत का त्यानं साचे? इथलं कोर्ट भांडण नव्यानं ऐकत नाही गं. निवाडा रीतसर झालाय एवढं बघतं आणि तो पाळायला लावतं."

"मग बघू दे की! कुंकू मागच्या कोऱ्या बाजूला आहे."

"थांब, बाईंना विचारतो. हॅलो... हो, मागच्या बाजूला... नाही, अक्षर सगळं स्वच्छ दिसतंय... बरं, बरं."

"काय म्हणाल्या?"

"आधी हसल्या, मग चालेल म्हणाल्या. पण मूळ करारही लागणार आहे. त्याला नाही ना लावलंस?"

"त्याला कशाला लावू? त्याच्यापायीच तर सगळं भांडण झालं!"