गुरुपादप्पाची मुकी ड्राइव्ह

...आन् वरून म्हणायचं काय, तर "ड्राइव्ह बोलत न्हाई." आता तुम्हीच सांगा, ड्राइव्ह काय व्याही हाय का, रुसून बसायला? पण आमचे गुरुपादप्पा कुणाचं ऐकतील तर शपथ. उदगीरात माझं भांड्याचं दुकान आन् भिंतीला भिंत लागून त्यांचं पत्रिकेचं. लगीन म्हणा, बारसं म्हणा, वास्तू म्हणा, आसपासच्या गावांत पत्रिका लागली की माणूस अप्पाकडंच यायचा. सगळ्या बाजारात नवे कम्प्युटर आले, अप्पानं मात्र जुनाच ठेवला, पिवळा पडलेला, पोटात फ्लॉपी गिळणारा. का, तर त्या चौकोनी फ्लॉपीवरची मोगऱ्याची चौकट आन् ती जुनी वळणदार अक्षरं दुसरीकडं मिळत न्हाईत म्हणून. ड्राइव्हच्या खाचेत फ्लॉपी सरकवली की कर्र... कर्र... खट, असा आवाज यायचा, आन् त्या आवाजावर अप्पाला सगळं कळायचं, आता वाचून राहिली, आता अडकली, आता झालं. तिकडं पाठ करून चहा पीत बसायचे आन् म्हणायचे, "आली बघा चौकट." बघावं तर खरंच आलेली.

तर त्या अप्पानं मधीच सुरू केलं, ड्राइव्ह बोलत न्हाई. झाडून झाली, पुसून झाली, नांदेडहून एक मेकॅनिक येऊन बघून गेला, तो म्हणला चांगली हाय. अप्पा म्हणले, त्याला काय कळतंय?

आन् अशात तुम्हाला सांगतो, ती भानगड झाली.

जळकोटच्या लिंबाजीला नातू झाला. त्यानं फोनवर ऑर्डर दिली, बारशाची पत्रिका काढा, आन् निमंत्रण माझ्या आईच्या नावानं, विठाबाईच्या नावानं काढा, तिला पणतू बघायची लई हौस होती. दोन दिवसांनी लिंबाजी नमुना बघायला आला, आन् विठाबाईचे डोळे तपासायचे होते म्हणून तिलाबी संगं आणलेली. म्हातारी बाकड्यावर टेकली, मी तिला पाणी दिलं. अप्पानं म्हातारीला आधी कधी बघितलेलं न्हाई, त्यांनी मोठ्या झोकात कागद पुढं केला. लिंबाजीनं वाचला... आन् जागच्या जागी थिजला की हो. मी मागून डोकावलो. मोगऱ्याची चौकट न्हाई, काळी चौकट. वरती 'कालवश विठाबाई', आन् खाली बाराव्याच्या जेवणाचं निमंत्रण.

बारशाचं बारावं!

लिंबाजी भांडला असता तर बरं झालं असतं हो. त्यानं नुसती कागदाची घडी घातली, अप्पाच्या हातात दिली आन् अगदी हळू म्हणला, "अप्पा, आई बाकड्यावर बसलीय." म्हातारी तिकडून इचारती, "कसली झालीय रे? मला वाचून दाव की." "न्हाई आई, अजून व्हायचीय," म्हणून लिंबाजीनं तिचा हात धरला आन् चालायला लागला. मागं वळूनसुद्धा बघितलं न्हाई.

आता अप्पानं काय म्हणावं? चूक झाली म्हणावं ना? न्हाई. अप्पा म्हणले, "ड्राइव्ह. एकाच फ्लॉपीवर बारसंबी हाय आन् बारावंबी हाय. मी बारसंच मागितलं, हिनं आतून दुसरंच उचललं. मी आपला नाव, तारीख भरत बसलो. पहिल्यासारखी बोलत असती तर मला कळलं नसतं का?" आतून अप्पाची बायको उमाबाई म्हणल्या, "अहो, ड्राइव्हला काय कळतंय जगलं कोण आन् मेलं कोण?" पण अप्पानं ते ऐकलंच न्हाई. ऐकलं न्हाई असंच आम्हाला वाटलं, तुम्हाला सांगतो. ऐकू आलं न्हाई, असं कुणाच्या डोक्यात यावं?

अप्पाची सून मंजुश्री पॉलिटेक्निकला शिकवती. अप्पा तिला म्हणले, "बाळ, ही बोलत न्हाई तर न्हाई, लिहून तरी दावील असं काही बसव. आतली सुई कुठं फिरती, काय वाचती, सगळं मला दिसलं पाहिजे. म्हणजे पुन्हा खोटं बोलणार न्हाई." पोरगी गुणाची. घरीच तिच्याकडं काडेपेटीएवढी एक सर्किटची पट्टी आन् तेवढाच डिस्प्ले पडून होता. ड्राइव्हच्या मागच्या तारांतून चार बारीक तारा काढल्या, त्या पट्टीला जोडल्या. अप्पाला समजावून सांगितलं, "अप्पा, फ्लॉपीवर गोल गोल रेघा असतात. वाचणारी सुई ज्या रेघेवर असंल तिचा आकडा इथं दिसंल, आन् वाचायला लागली की 'वाचन' असं येईल. तुमचं बारसं बाराव्या रेघेवर हाय, बारावं चाळिसाव्या."

मी, उमाबाई, मंजुश्री, सगळे भोवती उभे. अप्पा छाती काढून बसले, जसं काय कोर्टात साक्षीदार आणलाय. बारसं मागितलं. आकडा पळाला, बारावर थांबला. 'वाचन'. पडद्यावर मोगरा. अप्पा म्हणले, "पुन्हा." पुन्हा मोगरा. बारावं मागितलं, चाळीस, काळी चौकट. पुन्हा बारसं, बारा, मोगरा. दहा वेळा करून बघितलं हो, एकदाबी चुकली न्हाई बिचारी.

शेवटी अप्पा म्हणले, "पण बघा, आकडा पळून राहिला, सुई फिरून राहिली, आन् आवाज हाय का? बोलत न्हाई म्हणतो ते हेच की."

आन् आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. कारण ती ड्राइव्ह, तुम्हाला सांगतो, पत्र्यावर खडे ओतावे तशी वाजत होती. उमाबाईनं तर कानावर पदर धरला होता.

अप्पानं तो पदर बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मग ड्राइव्हवर हात ठेवला, अगदी तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. आन् म्हणले, "फोनवर मला बारावंच ऐकू आलं होतं. मी इचारलंबी, कवा झालं? तो म्हणला, सोमवारी पहाटं. मी म्हणलो, तरास झाला का? तो म्हणला, न्हाई न्हाई, सुखरूप झालं. म्हणलं, चला, म्हातारी पुण्यवान."

हसू का रडू कळंना. उमाबाई हसल्या न्हाईत. त्या अप्पाच्या समोर येऊन बसल्या, तोंड दिसंल अशा, आन् सावकाश म्हणल्या, "मला सांगायचं नव्हतं का?" अप्पा म्हणले, "काय सांगू? ऐकून ऐकून पत्रिका करणारा माणूस मी. गिऱ्हाइकाला कळलं तर नाव कोण सांगंल मला?"

दुसऱ्या दिवशी अप्पा मोगऱ्याच्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन माझ्या गाडीवर मागं बसले. जळकोट गाठलं. लिंबाजी दारातच होता, चेहरा आवळलेला. अप्पा त्याला म्हणले, "लिंबाजी, माझे कान गेलेत. ड्राइव्हचं काही चुकलं न्हाई, तुझंबी न्हाई." लिंबाजीचा चेहरा जरा सैल झाला, पण तो कुजबुजला, "आईला मातर सांगू नका." आता ते कुजबुजणं अप्पाला कसं ऐकू यावं? अप्पा सरळ आत गेले, विठाबाईच्या खाटंपाशी उकिडवं बसले आन् सगळं सांगून मोकळे झाले. काळी चौकट, कालवश, बाराव्याचं जेवण, सगळं.

लिंबाजीनं कपाळाला हात लावला. मी दाराकडं सरकलो.

म्हातारी मांडीवरचा पणतू थोपटत राहिली. मग अप्पाचं मुंडकं हातानं जवळ ओढलं आन् कानात ओरडून इचारलं, "लेकीसुनांची नावं सगळी घातली होती का?"

अप्पा म्हणले, "घातली होती, माय. तुमच्या घरच्या जुन्या पत्रिकेवरून सगळी घेतली."

"अक्षर मोठं होतं?"

"मोठं होतं."

"मग टाकून देऊ नगा," म्हातारी म्हणली. "ठिवा जपून. तारीख तेवढी कोरी करा."

अप्पानं मान हलवली. करणार काय? गिऱ्हाईक हाय.