मिश्रण हलकंच हवं

रोपवाटिकेच्या काउंटरवर बहीणभावाची हुज्जत चालली होती. मागे मोगऱ्याचं रोप छातीशी धरून उभ्या शिक्षिकाबाईंची शाळेची वेळ टळत होती, पण कान मात्र पुढेच होते.

“कोकोपीट जास्त घालायला सांग. कुंडी उचलायला हलकी पडेल.”

“लिंबू आहे ताई! नुसत्या भुशात उभं राहील का ते? वारा आला की आडवं. निम्मी तरी माती हवीच.”

“मग तीन जिने तूच चढव.”

“चढवीन की. पहिले सहा महिने माझ्याकडेच आहे.”

“आणि नंतर उतरवणार कोण? तुझे मेहुणे? त्यांची कंबर आधीच गेलीये.”

“अहो, भांडू नका,” नर्सरीवाला वैतागला. “लिंबू सारखं हलवलं तर फुलं गाळतं. एकाच घरी राहू द्या ना.”

“नाही जमणार. आई जिथे, तिथे लिंबू.”

“म्हणजे आईसुद्धा सहा-सहा महिने?”

“हो. घर विकायला काढतोय ना.”

“बरं. आई काय म्हणतात?”

“ताई, तू बोलणार होतीस ना तिच्याशी?”

“मी? तू बोलणार होतास!”

“मी फक्त म्हटलं, लिंबाची कुंडी बदलायला झालीये.”

“मिश्रण कालवू का? मागे रांग आहे.”

“थांबा, तिचाच फोन आलाय.”

“उचल ना मग!”

“हां आई... हो, नर्सरीतच आहोत... काय?... अगं, पण...”

“काय म्हणतेय?”

“कुंडी आणू नका म्हणतेय. अंगणात खड्डा खणून घेतलाय तिने.”