मिठाचा ढीग

मॉडर्न आर्ट मला फारसं कळत नाही, तरी प्रदर्शन लागलं की मी जाऊन येते. मागे नवीन पनवेलला एक लागलं होतं, तिथे सासऱ्यांना घेऊन गेले. आप्पांचं अर्धं आयुष्य उरणकडच्या मिठागरात गेलंय.

हॉलच्या मधोमध मिठाचा पांढराशुभ्र ढीग होता, त्यावर लांब दांड्याची लाकडी फळी आणि खाली नाव, 'विस्थापन'. मी मनात म्हटलं, झालं, वाण्याचं दुकानही आता कलेत आलं.

आप्पा मात्र ढिगाजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी चिमूटभर मीठ जिभेवर टाकलं. तो ढीग मांडणारी मुलगी धावतच आली.

"काका, प्लीज हात लावू नका."

"पोरी, ह्यो पुडीतला मीठ हाय. आमचा मीठ जाडा, जरा मळकट. आन् ढीग असा नाय लावत."

आता भांडण होणार, असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "मग कसा लावतात? दाखवाल?"

आप्पांनी फळी उचलली. ऐंशीचा माणूस, पण हात भराभर चालले. बघायला गर्दी जमली. त्यातल्या एका गृहस्थांना वाटलं, हेच कलाकार. त्यांनी अदबीनं विचारलं, "यातून तुम्हाला नेमकं काय सांगायचंय?"

आप्पा ढीग थापटत म्हणाले, "आमचा मिठागर होता. तिथं आता गोडाऊन हाय."