टेकडीवरचं पाणी

डोळ्यांत थेंब घालून नर्सने तिला वीस मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते. एक पाणीखात्यातून नुकताच निवृत्त झालेला व्हॉल्व्हवाला, दुसरा त्याचा मित्र.

“सूनबाई डॉक्टर झाली म्हणे? मग इथं कशाला आलास, घरीच तपासेल की!”

“अरे, गणितातली डॉक्टर. पाच वर्षं गावाच्या पाण्याचं गणित मांडत होती.”

“त्यात कसलं गणित? व्हॉल्व्ह फिरवला की पाणी येतं.”

“मीही तेच म्हणायचो. पण टेकडीवरच्या शेवटच्या घरांना तीस वर्षांत मी पाणी देऊ शकलो नाही. नुसत्या शिव्या खाल्ल्या.”

“मोठा पाइप टाकायला हवा होता.”

“सगळे तेच म्हणायचे. ही पोरगी माझ्याबरोबर पहाटे फिरली, प्रत्येक व्हॉल्व्हचे आटे मोजले. दोनदा गणित चुकलं, दोनदा पुन्हा मांडलं. शेवटी म्हणाली, ‘बाबा, पाइप पुरेसा आहे. कुठला व्हॉल्व्ह आधी आणि किती आटे उघडायचा, तेवढं बदला.’”

“आणि तू ऐकलंस?”

“आधी चिडलो. मग निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात करून पाहिलं.”

“पोचलं पाणी?”

“साहेब म्हणतात, पोचलं. वर जाऊन बघायचा मला काही धीर झाला नाही.”

तिने मिटल्या डोळ्यांनीच त्यांच्याकडे तोंड वळवलं.

“पोचलं, काका. मी शेवटच्याच घरात राहते. सूनबाईंना सांगा, दारातलं पिंप मी काढून टाकलं.”