सरळ केलेली दुर्बीण

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, क्लबचे सभासद, ताईंच्या हाताखाली शिकून मोठे झालेले आणि अजूनही त्यांचा ओरडा खाणारे सगळे नेमबाज, आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घालून माझ्याकडे बघणारे ताईंचे मिस्टर, म्हणजे आपले दाजी, सगळ्यांना नमस्कार.

आज ताई निवृत्त होतायत, त्यांच्याबद्दल चार शब्द बोल असं मला सांगितलंय. ते चार शब्द मी छान पाठही केले होते. पण सकाळी जे झालं त्यानंतर ते बोलायला तोंड उघडत नाही. म्हणून दुसरंच बोलतो. अध्यक्ष महोदय, वेळ जरा जास्त लागला तर घंटी वाजवू नका, प्लीज.

पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्या क्लबमध्ये शिक्षक निवृत्त होताना मैदानाच्या पार टोकाच्या लोखंडी पत्र्यावर शेवटचा नेम मारतात. पत्रा वाजला की आपण सगळे उठून उभे राहतो. आज सकाळी आपण कुणीच उभे राहिलो नाही. ताईंनी तीन गोळ्या मारल्या, पत्रा गप्प. मग त्यांनी रायफल खाली ठेवली आणि हसून म्हणाल्या, "वय झालं रे. हात गेला." आणि आपण काय केलं? टाळ्या वाजवल्या. मी तर म्हणालो, "ताई, वारा होता." वारा कुठे होता? झेंडासुद्धा हलत नव्हता.

आत्ताच अध्यक्ष म्हणाले की हात आणि नजर कधी ना कधी प्रत्येकाला सोडून जातात. फार सुंदर बोललात, सर. पण ताईंच्या बाबतीत ते खरं नाही.

निवृत्तीची भेट म्हणून क्लबने ताईंना गेल्या आठवड्यात नवीन दुर्बीण दिली. रायफलवर बसवायला कोण पुढे? अर्थात मी. असल्या कामाची मला भारी हौस. जुनी दुर्बीण काढताना बघितलं, तर ती चक्क एका बाजूला कललेली. मला हसू आलं. मी व्हिडिओ काढला, "दुर्बीण अशी कधीही बसवू नये," आणि ग्रुपवर टाकला. तुम्ही सगळे हसलात. अध्यक्षांनीसुद्धा अंगठा दिलाय, सर, मी बघितलं.

मग मी रायफल टेबलावरच्या शिकंजात घट्ट आवळून धरली, एक बुडबुड्याची लेव्हल रायफलवर ठेवली, एक दुर्बिणीवर. दोन्ही बुडबुडे बरोब्बर मध्ये आल्यावरच स्क्रू आवळले. ताईंनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "अरे, आतली उभी रेषा मला तिरकी दिसतेय."

मी म्हणालो, "ताई, लेव्हल खोटं बोलत नाही. सवय होईल."

आणि त्या, ज्यांनी मला रायफल धरायला शिकवलं त्या ताई, म्हणाल्या, "बरं बाबा. तू शिकलेला आहेस." जवळच्या निशाणावर तपासलं, सगळं बरोबर. मी खूश.

आज सगळे जेवायला गेले तेव्हा मी पत्र्यामागच्या मातीच्या बांधावर गेलो. तिन्ही गोळ्या पत्र्याच्या उजवीकडे, एका तळहाताखाली झाकतील इतक्या जवळ जवळ. थरथरत्या हाताच्या गोळ्या अशा बसतात का हो? मागे दाजी येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "जुनी दुर्बीण मी बसवली होती. ती वाकडी का होती, विचारलंस कुणाला?"

"नाही, दाजी."

"हिचा खांदा मोडला होता लग्नाआधी. तेव्हापासून रायफल हिच्या खांद्यावर कललेलीच बसते. बायको सरळ होणार नाही हे मला पहिल्या वर्षीच कळलं. म्हणून दुर्बीण हिच्या धरण्याप्रमाणे फिरवली. तू रायफलचं माप घेतलंस, लेव्हलसाहेब. माणसाचं कोण घेणार?"

लांब मारताना दुर्बिणीवरचं बटण फिरवून नेम वर न्यावा लागतो. दुर्बीण कललेली असली की वर जाता जाता तो बाजूलाही सरकतो. जवळ कळत नाही, लांब पत्राच चुकतो. हे मला पाठ आहे, मी नवीन पोरांना शिकवतो. पण शिकंजात सरळ असलेली रायफल ताईंच्या खांद्यावर कलते, आणि तिच्याबरोबर दुर्बीणही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आम्ही ताईंना बोलावून सगळं सांगितलं. दाजींनी भिंतीवर ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, टांगला. ताईंनी डोळे मिटून, नेहमीसारखी रायफल खांद्याला लावली, मग डोळे उघडले, आणि आतली रेषा दोरीवर येईपर्यंत आम्ही नवीन दुर्बीण फिरवली. मी म्हणालो, "ताई, चला, आत्ताच मारून बघा."

त्यांनी रायफल माझ्या हातात दिली. "सकाळी सगळे होते. आता रिकाम्या मैदानात वाजवून कुणाला सांगू?"

म्हणून सगळ्यांसमोर सांगतोय. ताईंचा हात गेलेला नाही. तो व्हिडिओ मी काढून टाकणार नाही, त्याच्याखाली हे सगळं लिहिणार आहे. आणि माझी विनंती आहे, चहाच्या आधी सगळ्यांनी मैदानावर यावं. अजून उजेड आहे. ताई, तुमची इच्छा नसेल तर नाही. पण मग "वय झालं" एवढं तरी मागे घ्या. ते तुमचं वय नव्हतं, माझा शहाणपणा होता.

बोलायची संधी दिलीत, ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. शेवटी सगळे म्हणतात, काही चुकलं असल्यास माफ करा. मला "असल्यास" म्हणायची सोय नाही. चुकलंय. माफ करायचं की नाही, ते ताईंनी ठरवावं.

दाजी, ताईंना जरा हात द्या. नको म्हणतायत? बरं. उठल्या त्या. चला, त्यांना वाट द्या.