दिघ्याचा लेट गेटमन

आमच्या इंदुरातली, मध्यभारत राज्य होतं ना, तेव्हाची गोष्ट भिया. शेजारच्या दिघ्यानं विलायतेहून विजेवरची खेळण्यातली रेल्वे मागवली, आणि माझ्या चावीच्या गाडीला कोणी विचारेना. माझा नुसता जळफळाट!

दिघे सगळ्यांना म्हणाला, "देखो, गाडी आली की फाटकावरचा गेटमन आपोआप कंदील घेऊन बाहेर येतो."

गाडी आली, फाटकातून गेली, आणि मग गेटमन बाहेर आला. त्याला हलवणारी तार जोडलेला रूळ दिघ्यानं फाटकाच्या अलीकडे बसवायचा सोडून पलीकडे बसवला होता.

मी खूश होऊन ओरडलो, "अरे, तुझा गेटमन लेट आहे!"

दिघे म्हणाला, "मग काय, पक्का इंदुरी आहे!"

झालं. पार कृष्णपुऱ्यापासून लोक तो लेट गेटमन बघायला येऊ लागले. माझी गाडी घरी अगदी टायमावर धावायची. बघायला एक बायको होती, ती पण दिघ्याकडे गेटमन बघायला गेली.