उरलेल्या पट्ट्याचं करायचं काय?

...नाही नाही, कपाट बांधायचं कसं ते मला शिकवू नका हो! बांधण्याबद्दल माझी तक्रारच नाही. उभी हयात सामान वाहण्यात गेलीय माझी, छोटी पिकअप आहे स्वतःची, फ्रीज म्हणा, सोफा म्हणा, एकदा तर अख्खं सलून नेलंय आरशांसकट, एका आरशाला तडा नाही! बांधणं सोपं असतं. पट्ट्याचा आकडा एका बाजूला अडकवायचा, पट्टा सामानावरून पलीकडे टाकायचा, पलीकडे ते रॅचेट असतं, दातेरी खटका हो, त्याच्या फटीतून टोक ओवायचं आणि दांडा वर-खाली, वर-खाली, कर्रर्र कट, कर्रर्र कट... झालं! सामान जागचं हलायचं नाही. पण तुम्हाला सांगतो, खरं दुखणं त्याच्या पुढे आहे. कारण पट्टा विकतात तो हाऽऽ एवढा लांब, आणि सामानाला लागतो एवढुसा. मग खटक्यातून बाहेर जी शेपटी लोंबत राहते, तिचं? त्या उरलेल्या पट्ट्याचं करायचं काय?

हसताय? हसा. तुमच्या कानाशी कधी वाजलेला नाही तो, म्हणून हसताय. लोंबता सोडून बघा एकदा! गाडी सावकाश असली की फटक... फटक... जरा वेग घेतला की फडाफडा फडाफडा, आणि मोकळा रस्ता लागला की भर्रर्रर्र, असा काही सूर लावतो की रेडिओ बंद करावा लागतो. बरं, नुसता वाजला तर वाजू दे म्हणाल. माझा एक पट्टा वाजता वाजता मागच्या चाकात गेला. चाकानं तो असा ओढून घेतला की गाडीखाली झोपून बाहेर काढताना माझ्या तोंडाला फेस आला, आणि बाहेर आला तेव्हा पट्टा नव्हता तो, नुसतं जावळ होतं जावळ! मग गुंडाळून रबर लावलं, तर रबर तुटतं. बांधलेल्या पट्ट्याखालीच खोचून टाकला, तर दोन खड्ड्यांत निसटतो. सगळं करून बसलोय मी.

आणि त्या दिवशी तर माझा जीव आधीच थाऱ्यावर नव्हता. कारण सामान गिऱ्हाइकाचं नव्हतं. सामान होतं माझ्या लेकीचं.

नर्स झाली ती. परगावच्या इस्पितळात नोकरी लागली, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली ड्युटी. खोली ठरली होती, पण घरमालकीण फोनवर काय म्हणाली असेल? (नाकातून बोलते बरं का ती.) “हे बघाऽ, मी पाच वाजता माझ्या बहिणीकडे राहायला जाते. पाचच्या आत आलात तर किल्ली तुमची. पाचनंतर आलात, तर दुसरी एक मुलगी कधीची मागे लागलीय, तिला देणाऽर.” म्हणजे बघा, पाच वाजले की लेक सामानासकट रस्त्यावर, आणि सकाळी ड्युटी! माणसानं कसं निघायला पाहिजे? भल्या सकाळी, तडक, इकडेतिकडे न बघता. आणि मी काय करत होतो? पट्टा गुंडाळत होतो.

कारण सल्लागार जमले होते ना! माझा मेहुणा, म्हणजे आमच्या हिचा धाकटा भाऊ, तो सामान चढवायला आला होता. तो म्हणतो, “भाऊजी, गाठ मारा. एकावर एक, एकावर एक, आणि शेवटची उलटी. सुटली तर मला विचारा.” आता ह्याला काय विचारायचं? ह्याची गाठ सुटत नाही हे कबूल आहे मला. कधीच सुटत नाही! मागच्या खेपेला ह्याच्या एका गाठीला मी दात लावले, दात! तेवढ्यात तळमजल्यावरचे शिंपीकाका खिडकीतून डोकावले, गळ्यात टेप, तोंडात टाचणी, “कापा,” म्हणाले. “सरळ कापा आणि टोक मेणबत्तीवर भाजा, धागे सुटत नाहीत. गिऱ्हाइकाची पँट लांब झाली तर मी काय गुडघ्यापाशी गुंडाळून देतो का?” झालं! आमची ही लगेच तिकडे. “मी पहिल्यापासून सांगतेय, कापून टाका म्हणून! ह्यांना ऐकायचं असेल तर ना!”

कापा म्हणे! अहो, आज कपाट आहे, उद्या मोठं धूड आलं तर? कापलेला पट्टा परत लांब होतो का? ह्या हातानं आजवर एक पट्टा कापलेला नाही मी. सांगितलं ठणकावून, सामान माझं, गाडी माझी, पट्टा माझा, कात्री लावायची नाही! आणि मग मी त्यांच्यासमोर रुबाबात ती शेपटी हातात धरून उभा राहिलो, आणि मनात विचार करतोय... हिचं करायचं काय?

शेवटी गुंडाळून खोचली. निघालो. पुढे आम्ही तिघं एकाच बाकावर, मी चालवतोय, मध्ये ही, पलीकडे खिडकीशी लेक, मांडीवर पर्स, पायाशी पाण्याची बाटली. गाव सुटायच्या आत... फटक.

थांबवली. उतरलो. गुंडाळली. बसलो. पेट्रोल पंपाच्या पुढे... फडाफडा. थांबवली. उतरलो. आता मी तिची वेणी घातली, वेणी! लेकीची घातलीय लहानपणी, हात बसलाय माझा. पुलाशी वेणी सुटली. थांबवली. आमची ही म्हणते, “अहो, ही गाडी आहे की पोस्टमन, दर दाराशी थांबायला?” आणि लेक? ती शांत. तिचा आवाजच तसा आहे, पेशंटला सुई टोचायच्या आधी बोलावं तसा. “बाबा, सामान हलत नाहीये. फक्त टोक वाजतंय. वाजू द्या ना.” वाजू द्या! मी म्हटलं, तुला नाही कळायचं, आज वाजतंय, उद्या चाकात जाईल! आणि पुन्हा उतरलो.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला निघायचंच नव्हतं हो. घरातून निघालो होतो, पण निघालो नव्हतो. गाडी थांबली की ती अजून आमच्याजवळ, पर्समधून गोळी काढून देतेय, “बाबा, टोपी घाला, ऊन आहे” म्हणतेय. गाडी चालू झाली की मग कान लावून बसायचो. वाजतंय का? वाजतंय का? आणि पट्टा गुणाचा! वाजायचाच.

पण घड्याळ कुणाचं ऐकतं? उन्हं कलली तशी हिनं तोफ डागली. “पोरीची खोली गेली ना, तर मी तुम्हालाच त्या कपाटात घालून इथे सोडून जाईन!” मग मात्र मी घाबरलो. म्हटलं, आता कायमचा बंदोबस्त. आणि तुम्हाला सांगतो, काय डोकं चाललंय माझं! शेपटी होती लेकीच्या बाजूला. ती मी तिच्या खिडकीतून आत घेतली, तिच्या पोटावरून, हिच्या पोटावरून, माझ्या पोटावरून आणली आणि माझ्या खिडकीतून बाहेर काढली. आत बसल्या बसल्या हात मागे घातला, माझ्या दाराच्या मागे गाडीला हूक आहे, त्याला ताणून गाठ मारली. कुठली? मेहुण्याची! एकावर एक, एकावर एक, आणि शेवटची उलटी.

एक आवाज नाही! नुसती शांतता! हवेत तरंगतोय असं वाटत होतं. ही पहिल्यांदाच म्हणाली, “बघा, मनात आणलं तर येतं तुम्हाला.” मी नुसता सुटलो, गाडी हाणली, वाटेत कुठ्ठे थांबलो नाही, आणि पाचाला थोडा वेळ होता तेव्हा त्या घरासमोर ब्रेक मारला. घरमालकीण फाटकात उभी. पिशवी खांद्यावर, किल्ली हातात, एक पाय रस्त्यावर. “आलात का? उतरा लवकर!”

उतरतो की, म्हटलं. दाराचा खटका ओढला. दार दोन बोटं उघडलं आणि थांबलं. खांदा लावला. दोन बोटं. पलीकडे लेकीनं ढकललं. दोन बोटं. आणि तेव्हा... तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इकडच्या खिडकीतून आत, तिकडच्या खिडकीतून बाहेर, दोन्ही दारं जखडलेली, आणि मध्ये आम्ही तिघं!

मालकीण म्हणते, “उतरत का नाही तुम्ही?”

मी म्हटलं, “बांधलंय.”

“सामान बांधतात होऽ! माणसं कशाला बांधलीत?”

हात मागे घालून गाठ चाचपली. दगड! सगळा रस्ताभर ताणून ताणून दगड झाली होती. मालकिणीला म्हटलं, ताई, जरा बघता का? तिनं दोनदा ओढली आणि म्हणाली, “माझी नखं मोडतील.” खिडकीतून निघावं तर काच अर्धीच खाली येते. मग सुचलं, म्हटलं, ताई, त्या बाजूला खटका आहे, त्याची जीभ दाबून धरा आणि दांडा उचला, पट्टा सैल पडेल. बाई गेल्या. दांडा उचलला. जीभ दाबायची विसरल्या. कर्रर्र कट! अहो, सैल कसला, पट्टा आणखी आवळला! ही ओरडली, “आई गं!” मी म्हटलं, उलट, उलट! बाईंनी उलट म्हणून दांडा खाली केला आणि परत वर. कर्रर्र कट! माझा श्वास वरच्या वर. हिचा आवाज बारीक झालेला, पण बोलायची थांबेल तर शपथ, “कापा म्हणत... होते... मी...”

आणि बाई घड्याळ बघतायत. “उतरल्याशिवाय किल्ली नाहीऽ, आणि माझी बस चुकेल. मी त्या दुसऱ्या मुलीला फोन करतेऽ.” फोन काढला सुद्धा! दिवसभर लेकीला सोडायला नको म्हणून आटापिटा केला, आणि आता तिची खोली डोळ्यांदेखत जाणार, आणि घालवणार कोण? मीच!

तेवढ्यात लेकीनं पर्स उघडली. आतून कात्री काढली. नवी, ड्युटीवर वापरायला घेतलेली, बँडेज कापायची असते ना, वाकड्या चोचीची. मी ओरडलो, “कापू नको! नवा पट्टा आहे!” ती म्हणाली, “बाबा, पोट आत घ्या.” त्याच आवाजात. मी आत घेतलं. कच्, तिच्या खिडकीशी. मग हिच्यावरून, माझ्यावरून वाकली, तिचे केस माझ्या नाकाशी... कच्, माझ्या खिडकीशी. आणि मी काही म्हणायच्या आत दार उघडून पळत जाऊन किल्ली घेतली सुद्धा! आजवर एक पट्टा कापला नव्हता हो मी. तिनं दोन ठिकाणी कापला, आणि तुम्हाला सांगतो, इतका सुबक कापला की मला रागसुद्धा येईना.

सामान लावलं. कपाट भिंतीला, खाट खिडकीशी. खाट हलते का ते मी बघितलं, मग परत बघितलं. आमची ही म्हणाली, “चला आता.” लेक म्हणते, “बाबा, तो कापलेला तुकडा माझ्याकडे राहू दे. कपडे वाळत घालायला होईल.” दिला. डोळे भरून आले होते, पण म्हटलं धूळ गेली.

परत निघालो. आता मागे खाट नाही, कपाट नाही, काही नाही. पुढे ही खिडकीशी सरकली, मध्ये जागा मोकळी. आणि मागे सगळे पट्टे तसेच टाकलेले. जाताना थोडासा उरला होता, त्यानं एवढा छळ मांडला, आणि येताना? येताना सगळाच उरलेला! फडाफडा फडाफडा... आता ह्याचं करायचं काय, सांगा ना! ही म्हणाली, “अहो, वाजतंय.” मी म्हटलं, वाजू दे. घरापर्यंत एकदाही थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी ड्युटी झाल्यावर तिचा फोन. सगळं छान आहे, माणसं चांगली आहेत, कात्रीचं कौतुक झालं. आणि मग म्हणते, “बाबा, तो पट्टा पुरत नाही हो. खिडकीपासून कपाटापर्यंत बांधला, तर हातभर कमी पडतो.”

कमी! आयुष्यात पहिल्यांदा माझा पट्टा कमी पडला!

ती म्हणते, “राहू दे, मी दोरी आणते इथेच.” मी म्हटलं, खबरदार! दोरी पेलणार आहे का ओल्या चादरी? मी येतो ना रविवारी, नवा पट्टा घेऊन येतो! आमची ही आतून ओरडते, “अहो, माप तरी विचारा तिला! नाहीतर पुन्हा घेऊन जाल गाडाभर!”

माप? माप कशाला विचारायचं? दुकानात होता त्यातला सगळ्यांत लांब घेऊन ठेवलाय. उरला तर उरू दे, बसेन तिथेच खाटेवर गुंडाळत. वेळ लागतो त्याला... तुम्हाला सांगतो, फार वेळ लागतो.